झूमच्या टॉर्चला ५० मिलिमीटरचं भिंग

सुरुवातीचा माल साधाच होता. एका १८६५० सेलवर (१८ मिमी व्यासाचा, ६५ मिमी लांब लिथियम-आयन सेल) चालणारी, डोकं पुढेमागे सरकवून झोत लहानमोठा करायची टॉर्च. आत क्री कंपनीच्या एक्सएम-एल२च्या वळणाची, २ मिमी × २ मिमी चिपची, वर घुमट असलेली एलईडी. पुढे २६ मिमी व्यासाचं अॅक्रिलिकचं फुगीर भिंग. ड्रायव्हरच्या, म्हणजे एलईडीचा प्रवाह बांधून ठेवणाऱ्या सर्किटच्या, चकतीवर एएमसी७१३५ या आठ आयसी, प्रत्येकी ३५० मिलिअँपिअर, म्हणजे एकूण २.८ अँपिअर. झोत पूर्ण आवळून भिंतीवर टाकला की मधोमध एक चौकोन आणि भोवती बऱ्यापैकी अंधार. दिसायला झकास, पण लांब टाकला की चौकोन फुगतो आणि फिका पडतो.

काहीही उघडण्याआधी मोजणी केली आणि तीच सगळ्यात उपयोगी ठरली. १० मीटरवर लक्समीटर ठेवला, चौकोनाचा मध्य त्याच्या गोळ्यावर आणला, टॉर्च लावून ३० सेकंदांनी आकडा घेतला: ११० लक्स. लक्सला मीटरच्या वर्गाने गुणलं की कँडेला (झोताच्या तीव्रतेचं माप) मिळतात, म्हणजे ११० × १०० = ११,००० कँडेला. टॉर्चच्या डब्यावर जो 'पल्ला' लिहितात तो एएनएसआय एफएल१ या मानकानुसार ०.२५ लक्स उरतं तिथपर्यंतचा असतो. साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की तो येतो. इथे २१० मीटर. या अंतरावर खरंच काही ओळखू येईल असं समजू नका. कामाचा पल्ला त्याच्या अर्धा धरावा, कधी तिसरा हिस्साही. पण एका टॉर्चची दुसरीशी तुलना करायला हा आकडा पुरतो.

मीटर १ मीटरवर ठेवून मोजणारे असतात. बारीक झोताच्या टॉर्चला ते चालत नाही, कारण एवढ्या जवळ झोत अजून नीट 'तयार' झालेला नसतो आणि आकडा भलताच येतो. १० मीटर हे कमीत कमी. झोत फार बारीक असेल तर २५ मीटरवर जावं.

आता कशाने काय बदलतं ते. भिंगातून समोर फेकलेल्या झोताची मध्यावरची तीव्रता तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: चिपचा दर चौरस मिलिमीटरमागे उजळपणा, भिंगाचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ, आणि भिंगातून पार होणाऱ्या प्रकाशाचा हिस्सा. यात फोकल लेंथ, म्हणजे लांबून आलेले किरण भिंगापासून जितक्या अंतरावर एकत्र येतात ते अंतर, कुठेच नाही. बहुतेकांची गल्लत इथेच होते. व्यास तोच ठेवून फोकल लेंथ वाढवली तर ठिपका लहान होतो, पण त्याचा मध्य जास्त उजळ होत नाही. भिंग चिपपासून लांब गेलं म्हणून प्रकाश कमी गोळा करतं आणि तेवढाच कमी प्रकाश तेवढ्याच लहान जागेत टाकतं. हिशेब बरोबरीत सुटतो.

खात्री करायला कागदपत्रं वाचायचं हातभिंग घेतलं. व्यास ५० मिमी, फोकल लेंथ १५० मिमी. टॉर्चचं डोकं काढून ते एलईडीसमोर १५ सेंटिमीटरवर नुसतं धरलं. भिंतीवर इवलासा, लखलखीत चौकोन. मध्यावरचे लक्स नंतर बसवलेल्या ५० मिमीच्या जाड भिंगाच्या जवळपास आले. पण इथे भिंग चिपच्या समोरचा जेमतेम साडेनऊ अंश अर्धकोनाचा शंकू पकडतं. एलईडीचा प्रकाश समोर जास्त आणि बाजूंना कमी होत जातो. त्या हिशेबाने अर्धकोनाच्या साइनचा वर्ग केला की पकडलेला हिस्सा मिळतो, आणि इथे तो पावणेतीन टक्के. म्हणजे ८०० ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे एकूण प्रकाशाचं माप) एलईडीतले वीसबावीस ल्युमेन भिंतीवर, बाकी नळीच्या आत तापायला. शिवाय नळी वीतभर लांब. बघायला मजा, वापरायला बिनकामाचं.

दुसरी सोपी वाट टीआयआर भिंगाची. २० मिमी व्यासाचं, १० अंशांचं, काळ्या होल्डरसकट मिळणारं. हे बाजूचा प्रकाशही आतल्या भिंतीवरून पूर्ण परावर्तन करून पुढे ढकलतं, त्यामुळे एलईडीतला बहुतांश प्रकाश बाहेर येतो. पायाखाली आणि वीस-पंचवीस पावलांपुढे बघायला यासारखं दुसरं नाही. पण व्यास २० मिमी, क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमी, आणि मूळ २६ मिमीच्या भिंगाचं ५३१. लांबवर तीव्रता वाढायचा प्रश्नच येत नाही. टीआयआर लावलंच तर तळाचं भोक एलईडीला जुळतं का ते आधी पाहावं. ३.४५ मिमी बैठकीच्या एक्सपी जातीच्या एलईडीसाठीचं भिंग ५ मिमी बैठकीच्या एक्सएम एलईडीवर बसत नाही. दाबून बसवायला गेलं की घुमट चिरडतो किंवा भिंग मिलिमीटरभर वर राहून झोतात काळं वर्तुळ पडतं.

तेव्हा व्यास वाढवायचा हे ठरलं. तीव्रता क्षेत्रफळाच्या पटीत वाढते आणि पल्ला तिच्या वर्गमुळाच्या, म्हणजे पल्ला सरळ व्यासाच्या पटीत. २६ चे ५० केले तर पल्ला जवळजवळ दुप्पट. हे भिंग मात्र साध्या गोलाच्या तुकड्याचं असून भागत नाही. ५० मिमी व्यास आणि ४० मिमी फोकल लेंथ असेल तर गोलाकार पृष्ठाच्या भिंगाची त्रिज्या साधारण २१ मिमी लागते. २१ मिमी त्रिज्येच्या गोलातून २५ मिमीपर्यंत पसरलेलं भिंग कापताच येत नाही. म्हणून अॅस्फेरिक, कडेकडे चपटं होत जाणाऱ्या वक्राचं. प्रोजेक्टरमध्ये, कंडेन्सर म्हणून वापरतात ते. काचेचं घेतलं: व्यास ५०, मध्याची जाडी २१, एक बाजू सपाट. सपाट बाजू एलईडीकडे, फुगीर बाजू बाहेर. उलटं बसवलं तरी भिंतीवर काहीतरी प्रतिमा येते, म्हणून चूक लगेच लक्षात येत नाही. पण कडेचे किरण भलतीकडे जातात आणि चौकोनाभोवती दुधाळ पट्टा राहतो. असा पट्टा दिसला तर आधी भिंगाची दिशा तपासा.

नळी कापायच्या आधी सपाट पृष्ठापासून एलईडीपर्यंतचं अंतर हवं, आणि ते फोकल लेंथइतकं नसतं. जाड भिंगात फोकल लेंथ काचेच्या आतल्या एका प्रतलापासून मोजतात. जाडी भागिले काचेचा अपवर्तनांक, म्हणजे २१ ÷ १.५२, सुमारे १४, एवढं ४० मधून वजा केलं की उरतात २६ मिमी. प्रत्यक्षात असं मोजलं: रात्री लांबवरच्या एका दिव्याकडे फुगीर बाजू करून भिंग धरलं, मागे पांढरं कार्ड. दिव्याचा ठिपका सगळ्यात बारीक झाला तिथे सपाट पृष्ठ ते कार्ड हे अंतर व्हर्नियर कॅलिपरने घेतलं. तीन वेळा घेतलं, २५.८ ते २६.३. हे काम उन्हात करू नये. कार्डला भोक पडायला दोन सेकंद लागतात आणि बोट मध्ये आलं तर त्याहून कमी.

भिंगाचं घर पीव्हीसीच्या फिटिंगमधून केलं. ५० मिमी बाहेरच्या व्यासाच्या पाइपासाठीचा कपलर घेतला. त्याचं आतलं माप ५० आणि मधोमध एक कंगोरा असतो. तो कंगोरा म्हणजे भिंगाची आयती बैठक. एका तोंडातून भिंग, सपाट बाजू आत, कंगोऱ्यावर टेकलेली. दुसऱ्या तोंडातून ५० × ३२ चा रिड्यूसर, आणि त्यात टॉर्चची मान. कंगोऱ्यामुळे भिंगाची कड झाकली जाईल असं वाटतं, पण सपाट पृष्ठापाशी प्रकाशाचा शंकू भिंगाच्या कडेपेक्षा थोडा लहानच असतो, म्हणून तिथे फारसं काही अडत नाही. अडतं ते रिड्यूसरपाशी. तो पूर्ण आत गेला की त्याचं ३२ मिमीचं भोक भिंगाच्या अगदी तोंडाशी येतं आणि शंकूची कड घासते. म्हणून आतल्या टोकाचे ८ मिमी कापून टाकले आणि भोकातली आडवी कड असेल ती कानसून सपाट केली.

कपलरचं तोंड आत जाताना किंचित निमुळतं होतं, पाइप आवळून बसावा म्हणून. भिंग अर्ध्यावर जाऊन तिरकं अडकलं. ठोकायचा मोह आवरावा, काचेची कड टवका उडून जाते. लाकडी दांडक्याला १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून आतून गोल गोल फिरवत गेलं की दहा मिनिटांत भिंग स्वतःच्या वजनाने खाली सरकतं. तसं सरकलं की थांबायचं. त्याहून ढिलं झालं तर भिंग डुलतं आणि झोत प्रत्येक हिसक्याला जागा बदलतो. भिंगापुढे २ मिमी जाडीचं रबरी ओ-रिंग, त्यावर त्याच ५० मिमी पाइपाचं ८ मिमी लांबीचं कडं दाबून बसवलं. कड्याची आतली धार उतरती कानसली, नाहीतर ती भिंगाचा बाहेरचा दोन मिलिमीटरचा घेर झाकते. घेर किरकोळ वाटतो, पण ५० चे ४६ झाले की क्षेत्रफळाचे पंधरा टक्के गेले. कानसल्यावर मोकळा व्यास ४८ मिमीच्या आसपास मिळाला.

आतला सगळा भाग काळा, चमक नसलेला हवा. ३० टक्के प्रकाश भिंगातून जातो, म्हणजे ७० टक्के नळीच्या भिंतींवर आपटतो. पांढऱ्या पीव्हीसीवरून उसळून त्यातला बराचसा पुन्हा भिंगातून बाहेर पडतो आणि झोताभोवती वर्तुळं, चंद्रकोरी, काय काय दिसतं. मॅट काळा स्प्रे मारला आणि पूर्ण दोन दिवस वाळू दिला. वास यायचा थांबेपर्यंत भिंग बसवायचं नाही. ओल्या रंगाची वाफ काचेवर आतून बसते आणि पहिल्यांदा टॉर्च तापली की धुकं धरतं.

टॉर्चचं सरकतं डोकं काढून टाकलं. मानेचा बाहेरचा व्यास ३० मिमी होता, तो कापडी टेपचे वेढे देऊन ३२ च्या भोकात घट्ट सरकेल असा केला. आता फोकस, आणि सगळ्यात बारीक काम हेच.

समोरची भिंत १ मीटरवर आहे आणि चौकोनाच्या कडा चाकूसारख्या धारदार झाल्यात, म्हणून फोकस लागला असं वाटतं. लागलेला नसतो. ४० मिमीच्या भिंगाने १ मीटरवर प्रतिमा पाडायची तर चिप भिंगापासून ४१.६७ मिमीवर लागते. लांबवर टाकायचं तर ४०. फरक १.६७ मिमी. तेवढ्या चुकीने भिंगाचा प्रत्येक भाग प्रकाश थोडा वेगळीकडे फेकतो. ५० मिमी व्यासाला त्याचा पसारा येतो तीन अंश, आणि पुढे बसवायच्या १ मिमी चिपचा मूळ झोतच दीड अंशाचा. म्हणजे चूक झोताच्या दुप्पट! १० मीटरवर जुळवलं तर हाच फरक ०.१६ मिमीवर येतो, झोताच्या पाचव्या हिश्श्याइतका. म्हणून जुळवणी कमीत कमी १० मीटरवर, आणि मग मान कागदाच्या एक-दोन जाडींइतकी आत.

नुसत्या हाताने सरकवून एवढा बारकावा साधत नाही. टेपचा वेढा चिकटतो, मग एकदम मिलिमीटरभर सुटतो. त्यावर उपाय कड्यांचा. मानेला जिथे खांदा आहे तो खांदा आणि रिड्यूसरचं तोंड यांच्यामध्ये जाड कार्डाची कापलेली कडी घातली, प्रत्येकी ०.३ मिमी. मान खांद्यापर्यंत दाबायची, भिंतीवर पाहायचं, एक कडं काढायचं, पुन्हा पाहायचं. चौकोनाची कड सगळ्यात आखीव दिसली ती पाच कड्यांवर. चारवर कडा किंचित पिवळट, सहावर निळसर. या रंगावरून कुठल्या बाजूला चुकलो ते कळतं, कारण काच निळा प्रकाश लालपेक्षा जास्त वाकवते. शेवटी कार्डाची कडी काढून तेवढ्याच जाडीची पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याची घातली. कार्ड दमट हवेत फुगतं.

एलईडी तीच, भिंग फक्त बदललेलं. १० मीटरवर ४०० लक्स. ४०,००० कँडेला, पल्ला ४०० मीटर. मूळच्या ३.६ पट तीव्रता. दोन्ही भिंगांच्या मोकळ्या क्षेत्रफळांचं गुणोत्तरही जवळपास तेवढंच, त्यामुळे जुळवणीत मोठी चूक नाही हे कळलं. ही चाचणी दोन-तीन मिनिटांत आटपली. २.८ अँपिअरला एलईडीत आठ-नऊ वॅट जातात आणि मान आता पीव्हीसीत गुरफटलेली. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. ज्यांना हा प्रवाह कायम ठेवायचा आहे त्यांनी रिड्यूसरच्या जागी अॅल्युमिनियमची नळी घ्यावी.

पण चौकोन अजून मोठा होता, १० मीटरवर ७५ सेंटिमीटर बाजूचा. २ मिमीची चिप ४० मिमीच्या भिंगातून १० मीटरवर ५० सेंटिमीटरची पडायला हवी. पाऊण मीटर का? घुमटामुळे. चिपवरचा सिलिकोनचा घुमट स्वतःच एक भिंग असतो आणि चिप दीडपट मोठी दाखवतो. ल्युमेन वाढतात, पण लांबी-रुंदी दोन्ही दीडपट झाल्याने उजळपणा सव्वादोन पट जागेत वाटला जातो. काही जण घुमट ब्लेडने कापतात किंवा पेट्रोलात भिजवून सोलतात. झोत आवळतो हे खरं, पण ल्युमेन घटतात, रंग पिवळट-हिरवट होतो आणि चार-पाच एलईडींमागे एखादीची बारीक तार घुमटाबरोबर उपटून येते. सपाट पृष्ठाच्या, मुळातच घुमट नसलेल्या १ चौरस मिमी चिपा मिळत असताना हा खटाटोप करायचं कारण राहिलेलं नाही. ऑस्रामच्या ज्या एलईडींना टॉर्चवाले 'व्हाइट फ्लॅट' म्हणतात त्या अशाच.

तीच बसवली, १६ मिमीच्या तांब्याच्या चकतीवर आधीच डाग दिलेली. सुटी एलईडी घेतली तर कथिल-बिस्मथची सोल्डर पेस्ट बरी, ती १३८ अंशांना वितळते. कथिल-शिशाची १८३ ला, बिनशिशाची नेहमीची २१७ च्या पुढे. तव्यासारख्या तापत्या पत्र्यावर चकती ठेवायची, पेस्ट चमकली की एलईडी आपोआप जागेवर ओढली जाते, मग उचलून गार करायची. चिमट्याने कडेलाच धरा. घुमट नसल्यामुळे चिपच्या तोंडावर काहीही टेकलं की ओरखडा, आणि तो ओरखडा पुढे भिंतीवर चाळीस पावलांवर दिसणार. फ्लक्सचा एक थेंब उडाला तरी तो तिथेच जळून काळा डाग होतो.

जुनी चकती काढल्यावर खालचा पितळी ठोकळा पाहिला तर मध्ये खोलगट, कडेला उंच. अशावर कितीही पेस्ट थापली तरी उष्णता नीट उतरत नाही. काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून ठोकळा आठ आकड्यात फिरवला, सगळीकडे एकसारखी चमक येईपर्यंत. मग तांदळाच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट आणि दोन स्क्रू. स्क्रूचं डोकं धन-ऋण ठिपक्यांना लागत नाही ना ते मल्टिमीटरने तपासलं. इथला शॉर्ट सेलपर्यंत जातो. एलईडी मधोमध आहे ना हेही पाहावं, पण फार डोकं लावू नये. १ मिमी बाजूला सरकली तर झोत दीड अंश तिरका निघतो, तीव्रता फारशी घटत नाही. टॉर्च बंदुकीवर किंवा दुर्बिणीवर बसवायची नसेल तर हात ते सांभाळून घेतो.

ड्रायव्हरवरचा प्रवाह उतरवणं विसरलं तर नवी एलईडी गरज नसताना भाजली जाते. आठातल्या पाच ७१३५ काढल्या, तीन ठेवल्या: १,०५० मिलिअँपिअर. काढताना तिन्ही पायांवर भरपूर सोल्डर ओतून एकदम वितळवायचं आणि चिमट्याने ढकलायचं. पाठीचा मोठा पाय ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या ऋण बाजूला, जोडलेला असतो, तो उष्णता पितो, म्हणून बारीक टोकाचं आयर्न पुरत नाही. नंतर मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून सेलच्या मागून मोजलं: १.०४. मीटरच्या तारा बारीक असतील तर त्यांतच व्होल्टेज पडतं आणि आकडा कमी दिसतो, हे ध्यानात असू द्या.

आता हिशेब. १ चौरस मिमीच्या सपाट चिपमधून ३०० ल्युमेन निघत असतील तर ३०० भागिले पाय (३.१४), म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ९५ कँडेला. ४८ मिमी मोकळ्या व्यासाचं क्षेत्रफळ १,८१०. लेप नसलेल्या काचेतून ९२ टक्के पार, कारण दोन्ही पृष्ठांवर चार-चार टक्के परततात. गुणाकार १,५८,००० कँडेला. मीटरने दाखवलं १,३०० लक्स, म्हणजे १,३०,०००. पल्ला ७२० मीटर. हिशेबापेक्षा कमी येणारच. चिप तापली की ल्युमेन उतरतात, भिंगाचा अगदी बाहेरचा घेर पूर्ण उजळत नाही. तो उजळतो की नाही हे पाहायचं असेल तर टॉर्च सगळ्यात मंद ठेवून, वीस पावलं दूरून, गडद चष्म्यातून भिंगाकडे बघावं. सगळं भिंग एकसारखं पिवळंधमक दिसलं पाहिजे. मध्ये किंवा कडेला काळं कडं दिसलं तर फोकस चुकलाय. पूर्ण प्रकाशात हा प्रयोग चुकूनही नको.

चौकोन १० मीटरवर २५ सेंटिमीटर बाजूचा, १०० मीटरवर अडीच मीटर. भिंतीवर पोचणारा एकूण प्रकाश मात्र आधीच्या दोनशेएक ल्युमेनवरून ऐंशीवर आला. खोलीत लावली तर टॉर्च बिघडली की काय असं वाटेल. ही टॉर्च वाट चालायची नाहीच. पायापुढे मिट्ट काळोख आणि दूरच्या झाडाची एकच फांदी उजळलेली, असा प्रकार. डोक्याला दुसरा, पसरट उजेडाचा दिवा हवाच.

झोतात चिपचं चित्र जसंच्या तसं दिसतं: चौकोन, त्याच्या एका कडेला तारांचे दोन बारीक खाचे. काहींना ते खटकतं. मान पाव मिलिमीटर आत सरकवली की चौकोन गोलसर, मऊ होतो. त्या मोबदल्यात झोत थोडा बाहेरच्या बाजूला पसरतो. मी चौकोनच ठेवला.

चिकटवण्याबद्दल दोन गोष्टी. भिंगाजवळ झटपट चिकटणारा गोंद, म्हणजे सायनोअॅक्रिलेट, आणू नये. त्याची वाफ काचेवर पांढरी भुकटी होऊन बसते आणि एलईडीच्या सिलिकोनलाही डाग पाडते. बंद नळीत तर हमखास. सीलंट लावायचंच तर न्यूट्रल क्युअर प्रकारचं. व्हिनेगरसारखा वास येणारं अॅसिटिक अॅसिड सोडतं, तांबं हिरवं पडतं. भिंग अॅक्रिलिकचं असेल तर स्पिरिट किंवा अॅसिटोनने पुसू नये, पृष्ठावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा येतात. पाण्यात साबणाचा थेंब आणि मऊ कापड, बस. काचेला स्पिरिट चालतं.

१.०५ अँपिअरला दहा मिनिटं सलग लावल्यावर मागची नळी हाताला कोमट लागली, पीव्हीसीचा भाग त्याहून गार. सेल पूर्ण भरलेला असताना ड्रायव्हर जास्त तापतो, कारण ४.२ व्होल्टमधून एलईडीचे सुमारे ३ वजा केलेले सव्वा व्होल्ट तो उष्णतेतच घालवतो. सेल अर्ध्यावर आला की निवांत.

आणि टोपी. हे भिंग खिडकीत उन्हाकडे तोंड करून राहिलं तर जो प्रकाश चिपवरून बाहेर जातो त्याच वाटेने सूर्य आत येतो. ४० मिमीच्या भिंगाने सूर्याची प्रतिमा ०.३७ मिमीची पडते, बरोबर चिपच्या तोंडावर, कारण फोकस आपणच तिथे लावून ठेवलाय. चिपवरचा पिवळा थर करपतो. थोडा तिरका असेल तर वायरचं आवरण वितळतं, किंवा पीव्हीसीला आतून भोक. ५० मिमी पाइपाची बुच्ची, म्हणजे एंड कॅप, पुढच्या कड्यावर बसत नाही, कारण कपलरचा बाहेरचा घेर मोठा असतो. जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा कपलरवर चढवून त्याचं तोंड गाठ मारून बंद केलं. झोत वापरायचा नसेल तेव्हा ती टोपी वरच.